फादर, कॉमेंट्री थोडी कमी करा

प्रति,
मुंबईतल्या धर्मग्रामांचे (पॅरिशांचे) धर्मगुरू, उपासना समित्या आणि बाप्तिस्म्याआधीचे वर्ग घेणारे सर्वजण

आदरणीय फादर, सिस्टर आणि बंधुभगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे पत्र अर्ध्यावर सोडणाऱ्यांचीही सोय होईल. तान्ह्या बाळांच्या बाप्तिस्म्यात जे हातांनी करायचं असतं, ते निवांत, पुरतं आणि सगळ्यांना दिसेल असं करा. आणि ज्या घरात मराठी बोलली जाते त्या घरच्या माणसांना प्रश्न मराठीत विचारा. लॅटिन परत आणा असं मी म्हणत नाही. तसं म्हणणाऱ्यांशी माझं फारसं जमतही नाही.

मी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक घरातली, मुंबईच्या एका गावठाणात वाढलेली. नात्यागोत्यातल्या बऱ्याच बाप्तिस्म्यांना हजर राहिले, काही बाळांची गॉडमदरही झाले. जवळपास सगळीकडे प्रकार सारखाच. रविवारची मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, संपते, माणसं पांगतात, पुढच्या बाकांवर चार-पाच कुटुंबं उरतात. फादर माईक हातात घेतात, आणि मग विधी कमी, विधीचं धावतं वर्णनच जास्त. ‘आता मी बाळाच्या छातीवर तेल लावणार आहे. पूर्वी पैलवान कुस्तीला उतरण्याआधी अंगाला तेल चोळायचे, तसं हे बाळ आता सैतानाशी...’ तेलाची गोष्ट चांगली लांबते. प्रत्यक्ष तेल किती? कापसाचा बड डबीत बुडतो. बाळाच्या फ्रॉकची बटणं पाठीमागे, त्यामुळे छातीपर्यंत हात पोचतच नाही. गळ्याच्या खळीत, लेसच्या कडेला एक ठिपका लागतो, त्यातला निम्मा लेसच पिते. की पुढचं बाळ. रेडिओवर कॉमेंट्री जोरात चालू आहे आणि मैदानात कोणी खेळतच नाही, असं काहीतरी होतं.

माझ्या आजीला लॅटिनचं एक अक्षर कळत नव्हतं. पण बाप्तिस्म्यात काय काय होतं हे ती न अडखळता सांगायची, कारण तिनं ते डोळ्यांनी पाहिलेलं होतं. पोप पाचवे पॉल यांनी १६१४ साली जो रोमन विधिग्रंथ काढला, त्यातला बाप्तिस्मा थोड्याफार फरकानं १९६९ पर्यंत आपल्याकडे चालला. आजीनं पाहिला तो हाच. बाळाला आत न्यायचं नाही, दारातच थांबवायचं. फादरांच्या गळ्यात जांभळा स्टोल, म्हणजे लांब पट्टा. ते बाळालाच नावानं हाक मारून विचारणार, तू देवाच्या चर्चकडे काय मागतोस? बाळाच्या वतीनं गॉडफादर-गॉडमदर म्हणणार, श्रद्धा. श्रद्धेनं तुला काय मिळतं? सार्वकालिक जीवन. मग फादर बाळाच्या तोंडावर हलकेच तीनदा फुंकर घालत आणि अशुद्ध आत्म्याला निघून जायला सांगत. कपाळावर आणि छातीवर क्रूस. डोक्यावर हात. मग मीठ. आशीर्वादित मिठाचे चार कण बाळाच्या जिभेवर, ज्ञानाचं मीठ म्हणून. बाळ तोंड वेडंवाकडं करणार, आणि इतका वेळ गंभीर असलेली माणसं हसणार. आजी हे सांगताना स्वतःच तोंड वाकडं करून दाखवायची.

हीच आजी घरी कोणाची नजर लागली की मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढायची. वाईटाला मिठानं हुसकावता येतं हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. तेव्हाच्या फादरांना तिचं हे दृष्टप्रकरण अजिबात खपत नसे, हेही इथे सांगून टाकते.

त्यानंतर फादर आपल्या स्टोलचं एक टोक बाळाच्या अंगावर टाकत आणि तसंच त्याला देवळात घेऊन जात. भाषा न कळणाऱ्या माणसालाही यातून नेमकं काय झालं ते कळतं: बाळ बाहेर होतं, आता आत आलं. पुढे फादर बोटाला थुंकी लावून बाळाच्या कानांना आणि नाकपुड्यांना स्पर्श करत आणि म्हणत ‘एफ्फाथा’, मोकळा हो. मार्कच्या शुभवर्तमानात, सातव्या अध्यायात, येशू बहिऱ्या-तोतऱ्या माणसाला बरं करतो तो हा शब्द, येशूच्या स्वतःच्या अरामी भाषेतला. मग सैतानाला तीनदा नकार. छातीवर आणि दोन खांद्यांच्या मध्ये तेल. आणि इथे फादर गळ्यातला जांभळा स्टोल काढून पांढरा घालत. जांभळा म्हणजे प्रायश्चित्ताचा, पांढरा म्हणजे आनंदाचा, हे आमच्याकडे दुसरीतल्या पोरालाही माहीत असतं. यानंतरच श्रद्धेचे प्रश्न, यानंतरच पाणी: तीनदा, क्रूसाच्या आकारात, डोक्यावरून वाहत जाईल असं. मग टाळूला क्रिस्मा, म्हणजे ऑलिव्ह तेलात सुगंधी बाल्सम घातलेलं, बिशपांनी पवित्र केलेलं तेल. घरी परतल्यावर आजी बाळाचं डोकं हुंगून बघायची. तो वास आला की तिचं समाधान. शेवटी पांढरं वस्त्र, पेटती मेणबत्ती आणि शांतीनं जा.

आता मीठ गेलं, फुंकर गेली, थुंकी गेली. त्याचं मला फारसं दुःख नाही. तान्ह्या बाळाला मीठ देऊ नका असं आज कुठलाही बालरोगतज्ज्ञ सांगेल, आणि कोविडनंतर कोणाच्या थुंकीचं नाव काढायची सोय राहिलेली नाही. शिवाय जुन्या विधीत जे खटकणारं होतं ते विसरून चालणार नाही. बाळाची आईच तिथे नसायची! जन्मानंतर होईल तितक्या लवकर बाप्तिस्मा द्यायचा असा दंडक होता, आणि बाळंतीण अजून खाटेवर. ती नंतर, बाळंतपणानंतरच्या आशीर्वादासाठी वेगळी देवळात यायची. माझ्या आजीनं स्वतःच्या एकाही मुलाचा बाप्तिस्मा पाहिला नाही. तिनं जे पाहिलं ते बहिणींच्या आणि जावांच्या मुलांचं. आईबापांना त्या विधीत एक वाक्यसुद्धा नव्हतं. गॉडफादरला ‘वोलो’ म्हणायचं आहे हे सॅक्रिस्टन, म्हणजे देवळातला सेवक, कानात सांगे, आणि आपण ‘माझी इच्छा आहे’ असं म्हणून बसलो हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नसे.

म्हणून १९६९ च्या मे महिन्यात नवा विधी आला तो मला मनापासून पटतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, १९६३ च्या डिसेंबरात उपासनेविषयीचा जो दस्तऐवज काढला, त्यात लोकभाषेला वाट करून दिली आणि बालकांचा बाप्तिस्मा, बाळ हे बाळ आहे हे लक्षात घेऊन, नव्यानं बांधा असंही स्पष्ट सांगितलं. जुना विधी मुळात प्रौढांचाच, आखडून बाळांना लावलेला. नव्या विधीत प्रश्न आईबापांना: बाळाचं नाव काय ठेवता? त्याच्यासाठी काय मागता? गॉडपेरेंट्सच्या आधी त्यांचा मान. बाळाच्या कपाळावर क्रूस काढतात तोही फादरांच्या मागोमाग आईबापांनी. शेवटी आईला वेगळा आशीर्वाद, मग बापाला, मग सगळ्यांना. आजी हयात असताना हा आशीर्वाद तिनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती काय म्हणाली ते इथे लिहीत नाही. तेव्हाच्या फादरांबद्दल होतं.

तर विधी चांगला झाला, शब्द कळू लागले. पण शब्द कळू लागले तसे हात आखडले. आता सगळं सांगता येतं, मग करायचं कशाला असं आपल्याही नकळत झालं. दारातलं स्वागत हे नव्या विधीतही दारातच आहे. ते हल्ली पहिल्या बाकाजवळ, सोयीसाठी. आईबापांनी काढायचा क्रूस वेळेअभावी ‘फादरांनी काढला तो तुमच्या सगळ्यांच्या वतीनं’. कानांना आणि तोंडाला स्पर्श करून म्हणायचं ‘एफ्फाथा’ आजही विधीत आहे, थुंकीशिवाय, पण ऐच्छिक. आणि ऐच्छिक म्हटलं की आपल्याकडे ते गेलंच. पुष्कळ मुलं एका वेळी असली तर काही गोष्टी आटोपत्या घ्यायची मुभा विधीतच दिलेली आहे, हे मान्य. एकाच दिवशी सगळ्या बाळांचा मिळून बाप्तिस्मा करा असंही त्याच पुस्तकात म्हटलंय, त्यामुळे सामुदायिक बाप्तिस्म्यावर माझा आक्षेप नाही. पण चार-पाच बाळं म्हणजे पुष्कळ नव्हेत.

यावर मला हमखास मिळणारं उत्तर असं: अहो, पाणी पडलं आणि शब्द बरोबर झाले की बाप्तिस्मा झाला, बाकी सजावट. धर्मशास्त्र म्हणून हे खरंच आहे. पण मग सुईणींची गोष्ट आठवा. बाळ जगेल की नाही अशी वेळ आली तर कोणीही, अगदी ख्रिस्ती नसलेली व्यक्तीसुद्धा, चर्चच्या मनात जे आहे तेच करायच्या हेतूनं बाप्तिस्मा देऊ शकते. त्यासाठी लॅटिन कधीच लागत नव्हतं. कडक लॅटिनच्या काळातही घरात, बाळंतिणीच्या खोलीत, मराठीतून दिलेला बाप्तिस्मा रोमच्या लेखी पुरता वैध होता. सुईणींना ते शब्द नीट येतात की नाही हे बघणं पॅरिश प्रीस्टचं काम म्हणून १९१७ च्या धर्मविधानात, म्हणजे चर्चच्या कायद्यात, लिहिलेलं होतं. आता पुढचा भाग बघा. असं बाळ वाचलं तर त्याला नंतर देवळात आणत. पाणी परत घालायचं नाही, ते झालेलं. पण राहिलेलं मीठ, तेल, वस्त्र, मेणबत्ती सगळं रीतसर करायचं. नव्या विधीतही अशा बाळाला देवळात आणून स्वागत करायचा वेगळा अध्याय आहे. बाकीची नुसती सजावट असती तर चर्चनं ती उरलेली कामं करायला बाळाला परत बोलावलं असतं का?

शब्दांच्या बाबतीत आपण किती काटेकोर आहोत ते २०२० साली दिसलं. कुठेकुठे फादर ‘मी’ ऐवजी ‘आम्ही तुला बाप्तिस्मा देतो’ असं म्हणत होते, सगळ्या समाजाला सामील करून घ्यायच्या चांगल्या हेतूनं. रोमनं ऑगस्टमध्ये निकाल दिला, असे बाप्तिस्मे झालेच नाहीत, ते पुन्हा द्यावे लागतील. अमेरिकेत त्यावरून मोठा गोंधळ उडाला. मला तो निर्णय कडक वाटला, पण समजला. एका सर्वनामासाठी इतकं जागरूक राहणाऱ्या आपल्याला, पाणी नुसतं टोपीच्या कडेवरून ओघळलं तर काहीच कसं वाटत नाही? टोपी काढा. आईला बाळ नीट आडवं धरू द्या. हिवाळा असेल तर पाणी कोमट करा, तशी सूचना विधीच्या प्रस्तावनेतच आहे. आणि पाणी वाहू द्या, त्याचा आवाज होऊ द्या. चार थेंब टिपकागदानं लगेच टिपले की झालं, एवढ्यासाठी नातेवाईक विरारहून येत नाहीत.

वस्त्राचंही असंच. बाळ घरूनच झालरीच्या पांढऱ्या फ्रॉकमध्ये येतं, मग ‘हे शुभ्र वस्त्र परिधान कर’ म्हणताना फादर त्याच्यावर रुमालाएवढं फडकं ठेवतात आणि उचलून घेतात. जुन्या विधीतही छोटं कापडच असायचं, त्यामुळे याचा दोष एकट्या आपल्या काळाला देता येत नाही. पण उपाय सोपा आहे. वर्गातच सांगा, बाळाला साध्या, पुढून उघडणाऱ्या झबल्यात आणा, पांढरा फ्रॉक पिशवीत ठेवा. तेल लागलं, पाणी झालं की आईनं आणि गॉडमदरनं तिथेच बाकावर कपडे बदलावेत. हो, वेळ जाईल. बाळ रडेल. कोणाला तरी पिन सापडणार नाही. मला वाटतं त्या दोन मिनिटांत जमलेल्या माणसांना जे दिसेल, ते वस्त्रावरच्या कुठल्याही प्रवचनात सापडणार नाही. तेलाचा प्रश्नही मग आपोआप सुटतो.

मेणबत्तीबद्दल माझी तक्रार तुमच्याकडे नाही, आमच्याकडे आहे. ती बापानं किंवा गॉडफादरनं पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून पेटवायची असते. आमचा फोटोग्राफर म्हणतो, ‘अंकल, परत एकदा, इकडे बघून,’ आणि अंकल फुंकर मारून विझवतात नि परत पेटवतात. हे तुम्ही थांबवू शकता. लग्नात थांबवता ना?

आता भाषेकडे येते. मुंबईत एकेका धर्मग्रामात इंग्रजी, कोकणी, मराठी, तामिळ, मल्याळम बोलणारी माणसं शेजारी शेजारी बसतात. इंग्रजी ही तडजोड म्हणून आली, हे मला कळतं. पण इथल्या कितीतरी गावठाणांत, कोळीवाड्यांत मराठी बोलणारी ख्रिस्ती माणसं पूर्वीपासून आहेत. १८८७ साली आम्ही स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवून घेतलं ते ब्रिटिशांच्या नोकऱ्यांत आपली वेगळी ओळख राहावी म्हणून. घरातली बोली त्यानं बदलली नाही. आजही आजोबा-आजी मराठीतच जपमाळ करतात. तरी बाप्तिस्म्याचा दिवस आला की फॉर्म इंग्रजीत, वर्ग इंग्रजीत, प्रश्न इंग्रजीत. ‘डू यू रिजेक्ट सेटन?’ असं विचारलं की माझा एक चुलतभाऊ नेहमी बायकोकडे बघतो आणि ती मान हलवते तेव्हा ‘आय डू’ म्हणतो. सॅक्रिस्टनच्या जागी बायको आली, एवढाच काय तो सुधार. सैतानाला नाकारायचं तर माणसानं ज्या भाषेत तो भांडतो त्या भाषेत नाकारावं. ‘तुम्ही सैतानाला नाकारता का?’ ‘हो, नाकारतो.’ त्या ‘नाकारतो’ला आवाज चढतो. मी ऐकलाय.

एका वर्गात मला सांगण्यात आलं की मराठीत हे नीट बसत नाही, बोजड होतं. बोजड अनुवाद असतात खरे, आणि काही प्रार्थना वाचताना जीभ अडखळते. पण ख्रिस्ती धर्म मराठीत बसत नाही हे म्हणणं चारशे वर्षं उशिरा आलंय. फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटानं ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ साली गोव्यात राशोलला छापलं गेलं, ओव्यांमध्ये. जुन्या लॅटिन विधीचा ग्रंथ त्याच्या अवघा दोन वर्षं आधीचा.

उलट टोकाचीही भीती वाटते, तीही सांगते. १९६९ साली भारतातल्या बिशपांच्या विनंतीवरून रोमनं मिस्सेत बारा भारतीय रिवाजांना परवानगी दिली: हात जोडून नमस्कार, पंचांग प्रणाम, आरती वगैरे. १९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईत आले होते, तेव्हा त्यांनी ‘असत्याकडून सत्याकडे ने’ हे उपनिषदातलं वचन उद्धृत केलं होतं. त्या वाऱ्यातलंच ते. चांगलं झालं. पण कधीकधी ‘मराठी बाप्तिस्मा’ म्हणजे बाप्तिस्म्याच्या कुंडाभोवती रांगोळी, एक समई आणि फादरांच्या गळ्यात उपरणं, आणि प्रश्न मात्र इंग्रजीत, असाही प्रकार मी पाहिलाय. तो नको. आमच्या घरांत बाळ प्रथम उंबरठ्यावर आलं की आजी भाकरतुकडा ओवाळून टाकते, डोळ्यांना पाणी लावते, मगच आत घेते. दारातलं स्वागत दारातच केलंत तर आम्हाला ते कोणी समजावून सांगावं लागणार नाही.

नावाबद्दल जाता जाता. जुन्या धर्मविधानात संताचं नाव हवंच, आईबाप ऐकेनात तर फादरांनी पुढे एक जोडायचं. १९८३ च्या विधानात फक्त ख्रिस्ती भावनेला परकं नाव नको एवढंच आहे. तरी काही ठिकाणी कचेरीत ‘पण संताचं काय?’ असं विचारून आईबापांना घाम फोडतात. वाचा ते कलम, ८५५ वं.

तुमची अडचण मला दिसते. रविवारी एक फादर, तीन मिस्सा, मध्ये एक अंत्यविधी आणि दुपारी हॉल रिकामा करून द्यायचा. म्हणून मोठं काही मागत नाही. पुढच्या वेळी बाप्तिस्म्याचा अर्ज छापाल तेव्हा त्यात एक रकाना वाढवा: विधी कोणत्या भाषेत हवा. त्याखाली एक ओळ: बाळाला पुढून उघडणाऱ्या कपड्यात आणावे, टोपी घालू नये. वर्गात पैलवानांची गोष्ट सांगायची ती तिथेच सांगून टाका, वाटलं तर रंगवून. आणि त्या रविवारी माईक स्टँडवर ठेवा, कारण एका हातात माईक असला की फादरांना तेल लावायला एकच हात उरतो, आणि बाळाचा गळा, झालर नि डबी हे सगळं एका हातानं जमत नाही.

आपली नम्र,
गावठाणातली एक गॉडमदर
मुंबई